अडीच तारे

‘भट्टी नंबर सात’बद्दल पुरवणीत मी लिहिलं:
जॅझ म्हणावं तर सॅक्सोफोन वरातीतून सुटत नाही,
रॅप म्हणावं तर भाषा फारच जालन्याची.
चारशे शब्द. अडीच तारे.

शुक्रवारी मोंढ्यात इद्रिस भेटला, सॅक्सोफोनवाला.
हातात माझंच कात्रण,
भज्यांच्या तेलानं आरपार दिसणारं.
"वरातीचं लिहिलं ते बराबर हाय, सर.
अब्बानं वीस वर्षं घोड्यापुढं फुंकलं,
दम कुठं घ्यायचा ते तिथंच कळलं."
पुढं काही बोलला नाही.
चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले.

रात्री चौथं गाणं परत लावलं.
दोन ओळींच्या मधे
कुणीतरी श्वास ओढतं,
रोलिंग मिलच्या गेटाबाहेर आल्यासारखा.

पहिल्या वेळी तो मी
चुकांत धरला होता.