बटण

ग्रिम्झबीच्या कानाच्या दवाखान्यात
जाड दाराच्या खोलीत मी माणसं बसवते.
आवाज आला की बटण दाबा,
अगदी बारीक असला तरी.

आवाज नसतानाही दाबतात काही जण.
मी बारीक फुली करते, रागावत नाही.
शांततेत फार वेळ ठेवलं
तर कानच काहीतरी रचून देतो.

वॉल्टर थ्रॅप, वय ब्याऐंशी.
गोदीवर मासे तोलले, रविवारी उपदेश केला.
आज त्यानं नऊदा दाबलं,
त्यातलं सहादा मी काहीच पाठवलं नव्हतं.

फुल्यांवर बोट ठेवून म्हणाला,
"ऐकून घे, पोरी.
एका बाईला मी सांगितलं होतं,
देव रात्री बोलला माझ्याशी, तुझा मुलगा परत येईल.
बोट आलीच नाही.
आमची ईनिड नेहमी विचारायची,
कुठे लिहिलंय, दाखव.
त्या रात्री तिला विचारलं नाही.
शास्त्रात त्या पोराचं नाव कुठून असणार?
रडणाऱ्याजवळ बसायचं, एवढं होतं.
तेवढंही मी केलं नाही, मला निरोप द्यायची घाई."

यावर माझ्याकडे यंत्र नाही.
मला राहुरी आठवली, कंदिलाची काच,
वडील ओळीखाली बोट सरकवत वाचायचे.
आईला अक्षर येत नव्हतं,
ती वाचून झालेल्या पानावर तळहात ठेवायची,
भाकरी भाजली का बघावं तसा.
वडिलांना दमा. मध्येच थांबायचे, पुन्हा वचन धरायचे.
देवाला खोकला आहे
असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

अजूनही थोडं वाटतं.

त्याला म्हटलं, आमच्या भाषेत
पुस्तक वाचणं आणि बुडताना वाचणं
एकच शब्द आहे.
ऐकू आलं नसावं. त्यानं मान हलवली,
लोक हलवतात तशी.

मग नवी यंत्रं बसवली, आवाज हळूहळू वाढवला.
बाहेर सीगल ओरडत होते, कुणी ट्रॉली ढकलत होतं.
काय येतंय आधी? मी विचारलं.
तो हातातला आलेख उलटा-सुलटा करत होता.
"कागद," म्हणाला.
"कागद वाजतो. विसरलोच होतो."
आणि पुन्हा एकदा उलटला,
सावकाश, कानाजवळ नेऊन.

बाहेर पुढचा पेशंट केव्हापासून बसला होता.