कमी ऐकणारी तार

दिवसा मी जिंतूरच्या मोंढ्यामागं मोटारी भरतो.
जळालेलं वाइंडिंग छिन्नीनं उपटायचं, नवं घालायचं;
वार्निशचा वास भाकरीपर्यंत येतो.
रात्री त्याच मोटारी माझ्यावर उलटतात.

एकशे साठ मीटरवर कान लावला की
आधी रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन,
सेकंदाला एक टक्, पहाटेपर्यंत न चुकता.
मग दराड्यांच्या स्टार्टरची ठिणगी, खर्रर्र.
ती तर मी लांबूनच ओळखतो:
पॉइंट मीच घासून दिलेले, दिवाळीआधी.
तक्रार कुणाकडं करायची?

पहिली तार विहिरीजवळ ओढली होती,
काळ्या रानात, पाणी दिलेल्या हरभऱ्यावरून.
सगळं ऐकायची, सगळीकडून,
म्हणजे काहीच नाही.

मग माळावर गेलो. मुरूम, खाली खडक, कुसळी गवत.
जिथं तूरसुद्धा जीव धरत नाही
तिथं तार कान टवकारते,
हे कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.
एकशे सत्तर मीटर, वायव्येकडं तोंड,
बाभळीच्या मेढी, पुरुषभर उंच.
घराकडच्या टोकाला फेराइटचं कडं,
त्यावर पंपाच्याच उरलेल्या तारेचे
नऊ वेढे, तीन वेढे.
पलीकडं चारशे सत्तर ओहमचा रेझिस्टर,
अर्थिंग कोरड्या बोअरच्या केसिंगला.
पाणी नाही लागलं, पण एवढं तरी.

अफरोज म्हणला, उस्ताद, सुई तर खाली आली,
हिला कमी ऐकू येतंय.
व्हय, म्हणलं,
त्याच्यासाठीच तर खटाटोप.

गावाकडून आलेला कालवा
तारेवर चढतो, धावत टोकाला जातो
आणि तिथं रेझिस्टरमध्ये
चिमूटभर ऊब होऊन विझतो.
हात लावला तर कळतही नाही.

जानेवारी, साडेसहा. तारेवरून दव टपकत होतं.
पूर्वेला फट पडलेली,
वायव्येचा अंधार अजून शाबूत.
खरखरीच्या तळाशी कुणीतरी बर्फाच्या मुलखातलं
किल्लीवर बोट टेकवत होतं:
माझ्या खुणेची शेवटची दोन अक्षरं
आणि प्रश्नचिन्ह.
उत्तर दिलं. परत प्रश्नचिन्ह.
पुन्हा दिलं.
त्याच्याकडंही कुणाची तरी मोटार चालू असणार.
मग ऊन आलं आणि तो बुडाला.

आठला दुकान उघडलं तर
दराड्यांचा पोरगा उभाच,
स्टार्टर खताच्या पिशवीत घालून.
पॉइंट घासले. या वेळी
ठिणगी खाणारा एक कपॅसिटरही आडवा टाकला.
हे काय, त्यानं विचारलं.
असू दे, म्हणलं,
ह्याचे पैसे नाहीत.