एक जानेवारी

स्क्रू सहा हवे होते, निघाले चारच.
उरलेले दोन कुठल्या देशात गळाले
ते या डब्यालाच ठाऊक.

बाजूचा पत्रा सरकला
आणि वुनपिनीनं नाकाला ओढणी लावली.
आत वाळवंट होतं.
आठ हिवाळ्यांचा हरमॅटन, तांबूस, पिठासारखा,
पंख्याच्या पात्यांवर थरावर थर.
कोपऱ्यात पालीची दोन अंडी, फुटलेली, रिकामी.
म्हणजे इथे कुणाचं बालपणही गेलं.

मी म्हटलं, पोरी, हळू.
अर्ध्या तामाले शहराचे अर्ज
मी याच्यावर टाईप केलेत.

आतल्या पत्र्यावर एक चिठ्ठी, अजून चिकटलेली.
वुनपिनीनं फोनला विचारलं. भाषा डच निघाली:
शाळेचं ग्रंथालय, खिडकीजवळचं तिसरं टेबल.
आठ वर्षं मी याला माझा म्हणत होते
आणि हा आपली खिडकी पोटात घेऊन बसलेला.

मेमरीची पट्टी आक्राहून आली,
रात्रीच्या बसनं, ड्रायव्हरच्या खिशातून,
बिस्किटाच्या कागदात गुंडाळलेली.
एवढीशी?
एवढीशीच, मावशी.
तिनं दोन्ही अंगठे टेकवून दाबली.
मी डोळे मिटले.
कट्ट.
हाड मोडतानाही असंच वाजतं
आणि हाड बसवतानाही.

प्रोसेसरवरची पेस्ट खडू झाली होती, खरवडली.
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
मला वाटत होतं, जास्त लावली की जास्त गार राहील.
ती हसली. मीही हसले, उशिरा.

जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर
रात्रभर सगळं वाहत राहिलं.
दोनदा वीज गेली. दुमसोर म्हणतो आम्ही: विझली, पेटली.
दोनदा पहिल्यापासून.
पहाटे सगळं आलं, एक फाईल सोडून.
‘सनातू दोन’.
जुनी डिस्क तिथे आली की टकटक करायची,
बंद दारावर करावी तशी.
कोण ही सनातू? नोकरीचा अर्ज? मयताची पत्रिका?
आणि सनातू एक कुठे आहे?
वगळू? वुनपिनीनं विचारलं.
पुन्हा कर, म्हटलं.
पुन्हा कर.
मग चहा झाला, आणि मीच म्हटलं, वगळ.

सगळ्यात शेवटी तिनं नखानं उचकटली
एक चपटी बॅटरी, नाण्याएवढी.
ही मेली होती, मावशी.
वीज गेली की हा सगळं विसरायचा,
एक जानेवारी, दोन हजार नऊ. दर वेळी.
मी रोज सकाळी तारीख सांगायचे,
आजाऱ्याला सांगावा तसा वार.
अंगवळणी पडलं होतं.

एकदाच विसरले.
त्या दिवशी म्बा फुसेनींचा जमिनीचा अर्ज छापला होता.
कचेरीतला कारकून म्हणाला, बाबा,
या तारखेला तुमच्या शेताजवळ हा रस्ताही नव्हता.
म्हातारा अकरा किलोमीटर चालत परत आला,
कागद माझ्यासमोर ठेवला
आणि बाकावर बसून राहिला. रागावलासुद्धा नाही.
मी तेव्हापासून नव्या कॉम्प्युटरसाठी
पैसे साठवत होते.
आणि औषध घड्याळवाल्याच्या टपरीत लटकत होतं,
गिनी कोंबडीच्या चार अंड्यांच्या भावात.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं.
रात्री वीज गेली होती, नेहमीसारखी.
बटण दाबलं, पाणी प्यायला वळले,
वळून बघते तर सुरू झालेला.
पूर्वी एवढ्या वेळात मी झाडून काढायचे,
दोन गिऱ्हाइकांचं गाऱ्हाणं ऐकायचे.
माझं बोट सवयीनं खालच्या कोपऱ्याकडे गेलं.
तारीख बरोबर होती.
बोटाला काही कामच उरलं नाही,
थोडा वेळ तिथेच राहिलं.

मग निरोप धाडून म्बा फुसेनींना बोलावलं.
अर्ज नव्यानं टाईप केला, पैसे घेतले नाहीत.
ते कागद उलटा धरून बघत होते.
तारीख कुठली घातलीस?
आजची.
वाच.
वाचली.
परत वाच.