दोनशे शब्दांत परीक्षण

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दोनशे शब्द हवेत,
साखळकरबाई म्हणाल्या, गुरुवारपर्यंत.
आणि तारे द्या. तिकडचे सगळे देतात.

तिकडच्यांनी अडीच दिलेत.
एकाने लिहिलंय, "चित्रपट संयत आहे, पण घडत काहीच नाही."
दुसऱ्याने, "चहा उकळेपर्यंत कॅमेरा हलत नाही."
खरं आहे. घड्याळ लावून मी पाहिलं नाही,
पण उतू जाईल म्हणून पुढच्या रांगेतल्या एक बाई
खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

रुवीत, शुक्रवारी सकाळी दहाला, एकच खेळ.
बाहेर सेहेचाळीस अंश, आत शाली.
आम्ही तेवीस जण, त्यात दोन तान्ही,
आणि पडद्याच्या तळाशी अरबी अक्षरं,
उजवीकडून निघून आमच्या बोलण्याला
मध्येच कुठेतरी भेटणारी.

गोष्ट सांगायची तर मिरजेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.
बाप, दोन मुलगे, एक सून,
आणि आई, जी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारते,
"कुलूप लावलंस का?"
स्वतः घरात बसलेली असतानाही.
मध्यंतरानंतर ती नसते.
दाराशी चपलांचा एक जोड कमी, बस.

बापाला समीक्षक संयत म्हणतात.
आमच्या घरी असल्या माणसाला घुमा म्हणत.
तिकीट काढून पाहिला की संयत,
ताटासमोर बसला की घुमा.

दोषही आहेत. धाकट्याची नोकरी जाते
ती का जाते, कळत नाही.
एक बासरी आहे, नसती तर बरं.
सून फारच समजूतदार.
इतकी कुणी नसते, हे माझ्या बायकोचं मत.

मोठा आक्षेप मात्र असा, की
"आईचा मृत्यू पडद्याबाहेर घडतो,
त्यामुळे प्रेक्षक कोरडा राहतो."
हे वाक्य मी ऑफिसात दोनदा वाचलं.
मग मोजत बसलो.
साखळकरबाईंची आई गेली तेव्हा ईदची सुट्टी,
सगळी विमानं भरलेली.
इक्बाल सारंग मर्मूलच्या तेलविहिरीवर होता,
दाभोळला पोचला
तेव्हा वडिलांना माती देऊन तिसरा दिवस.
माझी गेली तेव्हा पासपोर्ट शिक्क्यासाठी पीआरओकडे,
पीआरओ सलालाला, फोन बंद.
तेवीस जणांत पडद्यावर कुणाचंच काही घडलेलं नाही.
कोरडे होतो का, ते माहीत नाही.
इक्बाल डोळे मिटून बसला होता.
घोरत नव्हता.

एसी बघायला तिकीटखिडकीवरचा खलफान आत आला,
दाराशी उभा राहिला, आणि राहिलाच.
हातातली बत्ती विझवायला विसरला,
त्याच्या पायाशी उजेडाचं एक ताट पडून होतं.
शेवटी बाप एकटाच जिना उतरतो.
थांबतो. वर बघतो.
कॅमेरा वर जात नाही. अंधार, मग नावं.

बाहेर खलफानने मला गाठलं, त्याच्या हिंदीत विचारलं,
"वो ताला... लगाया था?"
मला सांगता आलं नाही.
दुसऱ्या कुणाला विचारावं म्हणून त्याने मागे पाहिलं,
पण लोक पार्किंगकडे निघाले होते, हातात चाव्या घेऊन.

हे कुठे बसवायचं, बाई?
एकशे ऐंशी झाले. तारे अजून पोकळ.

आज गुरुवार. सकाळी लिफ्टने तळघरात आलो,
गाडीत बसलो, पट्टा लावला,
काढला,
परत सहाव्या मजल्यावर गेलो.
लागलेलं होतं.
ओढून पाहिलं.