कधी यावं

सालमियातल्या आमच्या ऑफिसात एसी इतका गार
की मी बाराही महिने शाल घेऊन बसते
आणि लोकांना ऊन विकते.
दुसऱ्या गावचं ऊन, मऊ.

सायप्रस? एप्रिलात जा, म्हणते मी,
डोंगर रानफुलांनी पिवळे होतात,
समुद्र मात्र अजून अंगाला चावतो.
पोहायचंच असेल तर ऑक्टोबर,
तोवर पाण्याने उन्हाळा धरून ठेवलेला असतो,
विझल्या चुलीच्या वैलासारखा.
माल्टा सप्टेंबरअखेर. ट्युनिसला ऑगस्टात नको,
वाळवंट उठून दारात येतं म्हणतात.

म्हणतात.
मी यातलं काहीच पाहिलेलं नाही.
माझा भूमध्य समुद्र गुळगुळीत कागदावर आहे,
त्यावर चहाच्या कपाचं एक वर्तुळ.

शेजारच्या टेबलावरचा नदीम लेबनॉनचा.
ऋतू असा महिन्यांनी मोजतात का, हसतो तो.
कोवळे हिरवे बदाम हातगाडीवर आले,
मिठाला लावून सालीसकट खाल्ले, की समजायचं.
आणि तू कधी जातोस?
तो स्टेपलरमध्ये पिना भरत राहतो.

उम्म फहाद दरवर्षी जुलैतच जातात, नऊ तिकिटं.
मी तिथलं ऊन, गर्दी, भाव, सगळं सांगून पाहते.
बाई, त्या म्हणतात, इथून निघायचा ऋतू असतो,
तिथे पोचायचा नसतो.

आप्पांचा फोन शुक्रवारी.
वेंगुर्ल्याच्या वेधशाळेत एकतीस वर्षं
सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच.
अजून हॅलोच्या आधी विचारतात, वारा कुठला?
वायव्येचा. इथे शमाल म्हणतात त्याला.
मग जरा थांबून: मी कधी येऊ?

पाच वर्षं मी त्यांना महिने सांगते आहे.
जूनमध्ये नको, पारा पन्नासला टेकतो.
ऑगस्टात दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं.
मार्चात धूळ अशी की दिवसा दिवे लावायचे.
जानेवारीची थंडी तुमच्या गुडघ्यांना नाही सोसायची.
नोव्हेंबर चांगला.
नोव्हेंबरात मला सुट्टी नाही.

सांगत नाही ते एवढंच,
की एका खोलीत आम्ही तिघी, मध्ये दोन पडदे,
आणि खिडकी माझ्या वाट्याला आलेली नाही.

या शुक्रवारी आप्पा म्हणाले,
हेमांगी, तुरळक ठिकाणी, किंचित, शक्यता,
काही सांगायचं नसलं की आम्हीही
हेच शब्द वापरायचो.
अगस्त्य दिसला की येतो मी.
जमिनीवर झोपेन. मला खिडकी लागत नाही.

खिडकीचं मी कधी बोलले होते?

नदीम म्हणाला, सुहैल. तोच तारा.
इथले म्हातारेही त्याच्याच वाटेवर डोळे लावतात,
तो दिसला की रात्र निवते.
दोन पहाटे गच्चीवर गेले.
एसीच्या पेट्यांची घरघर, दक्षिणेला धुरळा,
क्रेनवरचा लाल दिवा.
थोडा वेळ मी त्यालाच तारा समजले.

खरं तर इथे ऋतू न्हाणीघरात कळतो.
उन्हाळाभर टाकीतलं पाणी पोळतं,
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि गार पाण्यासाठी गरमचा नळ सोडायचा.
नव्या मुलीला हे शिकवावं लागतं.
आज पहाटे झोपेत मी चुकीचा नळ फिरवला
आणि हात मागे घेतला नाही.

ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले.
प्रवाशाचं नाव, वडिलांचं नाव, वय एकाहत्तर.
परतीच्या तारखेपाशी कर्सर लुकलुकत राहिला.
अख्ख्या गल्लीला महिने सांगणारी मी,
मला तिथे घालायला
एकही महिना सुचेना.