आपली गती वजा करून

वायेनारहून वर येणारी गाडी आज उशिरा आली,
रस्त्यात ग्वानाकोंचा कळप आडवा.
निबाल्दो आराया उतरला, थर्मास काखेत,
आणि आत येण्याआधी
पायपुसण्यावर बूट तीनदा घासले.
तीनदा म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय.
बारा वर्षं त्याच्यासोबत रात्री काढल्यात मी,
एवढं कळतं.

घुमट उघडतो. दक्षिणेकडे
नुसत्या डोळ्यांना एकच पुसट ठिपका,
कुणी ओलं बोट काचेवर टेकवल्यासारखा.
आत लाखो तारे, सगळे म्हातारे,
इतके दाटीनं
की तिथे एखादा ग्रह असलाच
तर त्याची रात्र पुरती काळी होत नसेल.

या गर्दीत जोडपी शोधायची.
दोघं वेगळे दिसत नाहीत, दुर्बिणीलाही नाही.
येतो तो एकच उजेड.
तो पसरायचा, त्यातल्या काळ्या रेषा मोजायच्या,
लोखंडाच्या, कॅल्शियमच्या.
तांबड्याकडे सरकल्या तर तारा लांब चाललाय,
निळ्याकडे, तर येतोय.
सेकंदाला किती किलोमीटर, दशांशासकट.
महिन्यानं परत तोच तारा. वर्षानं परत.
वेग बदलला तर समजायचं,
फुगडीतली एकच बाई उजेडात आहे:
अंग मागे कललेलं, तरी पडत नाही,
म्हणजे काळोखात कुणीतरी हात धरलेत.

"आधी दिवा," निबाल्दो म्हणतो, दर वेळी.
थोरियमच्या दिव्याच्या रेषा, मोजपट्टी म्हणून.
मग पृथ्वी वजा करायची:
आपण सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर पळतोय,
गिरकी घेतोय ती वेगळीच.
पहिल्या वर्षी मी चिन्ह चुकवलं,
अधिकच्या जागी उणे,
आणि अख्खा गुच्छ वर्षभर डुलत राहिला.
निबाल्दो हसला नाही.
म्हणाला, "ते तुम्ही डुलताय."

त्याची बायको इस्मेनिया तांब्याच्या खाणीत ट्रक चालवते,
सात दिवस वर, सात दिवस खाली.
हाही सात रात्री वर, सात खाली.
मार्चपासून दोघांच्या पाळ्या उलट्या पडल्यात.
कोपियापोच्या बसथांब्यावर चाळीस मिनिटं, तेवढीच.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
त्याच्या कोटाला निळ्या दोऱ्यानं लावलेलं काळं बटण पाहिलंय,
आणि ते सुटलं त्या आठवड्यात
तो कोट खुर्चीवर उलटा टाकत होता, तेही.

तीन वाजता, तारा लहान होता म्हणून उजेड साठेपर्यंत
पाऊण तास बसायचं होतं.
मी बोलत गेले, झोप येऊ नये म्हणून:
गर्दीत सैल जोडपी टिकत नाहीत,
तिसरा कुणी जवळून जातो आणि सुटतात.
घट्ट असतात ती मात्र
धक्क्यागणिक आणखी घट्ट होतात.
"सैल म्हणजे किती?"
मी आकडा सांगितला.
त्यानं थर्मासचं झाकण फिरवलं, परत लावलं.
आकडा विचारला नव्हता त्यानं.

दोन हजार एकशे सतरा नंबरचा तारा.
अकरा वर्षं, एकोणीस नोंदी,
वेग तोच, केसाएवढाही फरक नाही.
मी रकान्यात लिहिलं: एकटा.
निबाल्दो माझ्या मागे उभा होता, ते नंतर कळलं.
"आणि फेरा आपल्यासमोर ताटासारखा उभा असेल तर?
फिरतील सारखे, पण आपल्याकडे येणार नाहीत
की आपल्यापासून जाणार नाहीत."

हे मला माहीत होतं.
विद्यार्थ्यांना शिकवते मी हे,
फळ्यावर गोल काढून, दर सप्टेंबरात.

पाच चाळीस. पूर्वेच्या डोंगरांमागे उजाडायला लागलं,
दिवा बंद, घुमट बंद.
मी 'एकटा' खोडलं.
लिहिलं: बदल आढळला नाही.
आणि पुढच्या मोसमाच्या यादीत
त्याचा नंबर परत घातला,
विसाव्या नोंदीसाठी.