सदतीस

शनिवारी रात्री अडीचला
जालन्याच्या पॉलिटेक्निकात जाळ कुठला?
हलगी शेकली सोल्डरिंगच्या हॉट गननं,
तसा सेन्सर तिसऱ्यांदा गळाला.
समरीननं तो च्युइंगमनं चिकटवला.

आसाराममामांनी टिपरू मारलं.
स्पीकर बोलला, पण
जरासा मागून.
"ह्यो उंबऱ्यात अडखळतोय का?"

उशीर चाळीस मिलिसेकंद.
वेदांगनं बफर कापला, केबल बदलली,
भडंगाचा पुडा संपवला.
सदतीस.

रविवारी, सगळ्यांसमोर,
मामांनी हातच बदलला.
ठोक्यामागं तेवढी जागा सोडत गेले,
एसटीत उभ्या माणसाला
सरकून द्यावी तशी.

"दुरुस्त करायचं" या यादीतला सदतीस
समरीननं खोडला नाही.
पुढं फक्त मामांचं नाव लिहिलं,
आडनावासकट.